पाणी कुणी बंद केलं

"गळा थंडा आहे नं?"

सकाळच्या पाळीला आल्याआल्या काका हे आधी मशीनला विचारत, मग आम्हाला नमस्कार. विचारता विचारता उजवा तळवा मशीनच्या गळ्याशी, दाणा ओततात त्या हॉपरच्या खाली ठेवत आणि समाधान झालं की मान हलवत. आम्हा इंजिनियरांच्या तब्येतीची एवढी चौकशी त्यांनी कधी केली नाही. खरं सांगायचं तर तेवढी आमची लायकीही नव्हती.

मी तेव्हा पुण्याहून पदवी घेऊन भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात प्रोबेशनवर लागलो होतो. काका मूळचे नागपूरचे, टाउनशिपमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात राहणारे, वर्षानुवर्षं त्याच एका मशीनचे ऑपरेटर. तारांवर चढवायची प्लास्टिकची नळी त्यातून निघायची. वरून प्लास्टिकचा दाणा पडतो, आतला लांब स्क्रू फिरत फिरत तो पुढे ढकलतो, वाटेत दाणा वितळतो आणि डायमधून, म्हणजे पुढच्या साच्यातून, नळी होऊन बाहेर येतो. एवढंच. पण तासाला माल किती निघावा असा प्रश्न आला, की आमच्याकडे कमिटी बसायची.

कमिटीसाठी मी एक रंगीत तक्ता केला. माल कमीजास्त का निघतो त्याची सगळी कारणं त्यात होती: स्क्रूचा वेग, त्याची झीज, स्क्रूभोवतीच्या बॅरलचं तापमान, तुंबलेली जाळी, दाण्यातला ओलावा. मॅनेजरसाहेबांनी तक्ता फ्रेम करून भिंतीवर लावला आणि त्यातलं पहिलंच कारण तेवढं वाचलं. वेग वाढवा, म्हणाले. काकांनी निमूट वाढवला. दाणा धड वितळेना, नळी अंगावर काटा आल्यासारखी खरखरीत निघायला लागली. साहेब खूश. माल वाढला की नाही, बघा म्हणाले.

"वाढला नं साहेब," काका म्हणाले. "भंगारात वाढला."

काकांचं म्हणणं साधं होतं. दाणा पुढे जाऊन तापावा, गळ्याशी मात्र सुटा आणि कडक राहावा, तरच स्क्रूला तो ढकलता येतो. म्हणून गळ्याभोवती सतत गार पाणी खेळवायचं. हे माझ्या तक्त्यात नव्हतं. पाण्यासारख्या फालतू गोष्टीसाठी कुणी वेगळा रंग वापरतं का?

मग दिल्लीहून कंपनीचे अध्यक्ष येणार असं ठरलं. फरशीला हिरवा रंग लागला, भाड्याच्या कुंड्या आल्या. नेमकी पुढच्याच आठवड्यात ऑपरेटरच्या वरच्या, चार्जमनच्या एकुलत्या एक जागेसाठी मुलाखत होती. ती जागा काकांचीच, हे सगळे धरून चालले होते. चार्जमनला तीन खोल्यांचं क्वार्टर मिळे. काकू तर ते बाहेरून दोनदा बघूनही आल्या होत्या.

आणि गळ्याच्या त्या पाण्याच्या पाइपाचा सांधा जरासा गळायचा. हिरव्याकंच फरशीवर थेंब पडलेले बघून साहेब माझ्यावर डाफरले की फरशी कोरडी हवी. काका नवी टोपी आणायला स्टोअरला गेले होते. मी सरळ वाल्व बंद केला. चार वर्षं इंजिनियरिंग शिकून मला तेवढं जमलं.

अध्यक्ष मशीनसमोर आले तेव्हा नळी बारीक होत होत तुटली. स्क्रू आत झोकात फिरतोय, बाहेर काही नाही. साहेबांचं मात्र चालूच होतं, की हे आमचं सर्वांत जास्त माल देणारं मशीन. काका धावत आले, तळवा टेकवला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. गळ्यात दाण्याचा गोळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी. तीन अधिकारी आणि समोशांची एक परात. अक्षर चांगलं म्हणून जबाब लिहून घ्यायला मीच. पाणी कुणी बंद केलं, असं विचारल्यावर मी माझे बूट बघत बसलो. पॉलिश छान झालं होतं.

"मीच केलं साहेब," काका म्हणाले. "फरशी भिजत होती."

मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. असं का केलंत, एवढंच कसंबसं विचारलं.

"तुमचं प्रोबेशन आहे. तुमची नोकरीच जाईन. माझी तर बढतीच जाईन नं."

यापुढे पाण्याला हात लावू नका, असंही बजावलं. मला रडू आलं. तिथेच, स्टोअरच्या आडोशाला रडलो. रडायला प्रोबेशनची आडकाठी नव्हती. आत जाऊन खरं सांगायला होती.

चार्जमन दुसराच झाला. काका ऑपरेटर म्हणूनच रिटायर झाले आणि बाग सेवनियात, पुन्हा दोनच खोल्यांत, भोपाळमध्येच राहायला गेले. मी वेळच्या वेळी वर चढत गेलो. कुठे अडकलो नाही.

गेल्या वर्षी काका वारले. मी भेटायला गेलो.  निघताना काकू दारापर्यंत आल्या.

"हे नेहमी सांगायचे," त्या म्हणाल्या, "चौकशीत सगळे उलटले, एक तुम्हीच यांच्या बाजूनं बोलले. नाही तर सस्पेंडच झाले असते. तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

आणि त्यांनी हात जोडले. आता तरी मी खरं बोललो असेन, असं तुम्हाला वाटत असेल.

"अहो काकू," मी म्हणालो, "ते माझं कर्तव्यच होतं."