बायायचा ग्रुप

कामरगावात लगन निघालं की हळदीच्या आंघोळीला चतुराबाईच लागायची. चौघींनी चार बाजूंनी लुगडी धरायची, आत नवरी पाटावर, आणि चतुराबाई तिच्या अंगावरची हळद धुणार. त्या आडोशात नवरीच्या बापालाही पाय ठेवता येत नसे. बाई बोलायला फटकळ. पण आत पाहिलेलं तिनं बाहेर सांगितलं, असं कोणी म्हटलं नव्हतं. इंद्रभानच्या लेकीच्या, वर्षाराणीच्या हळदीपर्यंत तरी.

वर्षाराणी अकोल्याला दवाखान्यात नोकरीला. सकाळी तिची आंघोळ झाली आणि दुपारी मैत्रिणीनं मोबाईल तिच्यापुढं धरला. भिजलेली वर्षाराणी, डोळे मिटलेली, पाठीवरचा कपडा सरकलेला. कोपऱ्यात चतुराबाईचा हात. मैत्रिणीच्या भावाला तो फोटो पानठेल्यावर कोणीतरी दाखवला होता.

वर्षाराणीनं आत जाऊन कडी लावली. मांडवात कुजबूज सुरू झाली. फोटोत हात चतुराबाईचा, म्हणून नजराही तिच्याकडंच.

"मी कशानं काढीन वो? माहे दोन्ही हात हळदीत व्हते."

"कोनाले काढू तर देला असंन," एक शेजारीण म्हणाली.

चतुराबाई एकेकीकडं पाहू लागली. लुगडी धरणाऱ्यांचे हात गुंतलेले. मग आत आलं कोण? तांब्या द्यायला रुखमाबाई आली होती, वर्षाराणीची सख्खी आत्या. आता ती पदराखाली मोबाईल धरून बसली होती, आणि एवढ्या कुजबुजीत तिचाच आवाज नव्हता.

"रुखमाबाई, तू काहून गप हायेस वो?"

"म्या काढला," रुखमाबाई म्हणाली. "पोट्टी गोड दिसून राह्यली व्हती. बचत गटाच्या ग्रुपवर टाकला. तिथं समद्या बायाच हायेत."

बायायचाच ग्रुप, मग काय एवढं, असं दोघीतिघी बोलल्याही. चतुराबाईचा संशय मात्र हलेना. पानठेल्यावर कोणती बाई उभी राहते?

"तुह्या नावाचा मोबाईल आत्ता कोनाजोळ हाये?" तिनं त्या शेजारणीला विचारलं.

"त्यायच्याजोळ. वावरात नेला."

"अन तुहा वो?" ती दुसरीकडं वळली.

"पोराजोळ. कारंजाले गेला तो."

तिसरीनं न विचारताच मान खाली घातली. ग्रुपवर नावं बायकांची होती, मोबाईल मात्र नवऱ्यांच्या आणि पोरांच्या खिशात.

"मी आत्ताच काढून टाकतो," रुखमाबाई पुटपुटली.

कडी वाजली. वर्षाराणी दारात उभी होती.

"तुह्या मोबाईलातून जाईन आत्या. पानठेल्यावरून जाईन काय?"

"मायेनं टाकला वो बाई."

"मले इचारलं व्हतं?"

इंद्रभान मधे पडला. "लगन परवावर आलं. बोभाटा कायले? दबू दे."

"दबून कुठं राह्यलं बाबा, गावभर फिरून राह्यलं. मी ठाण्यात चालली. ज्यायनं पुढं पाठोला, त्यायले पोलीस इचारतीन. आत्या, तू बी चाल. चतुरामाय, तू?"

चतुराबाईनं पदराला हात पुसले.

तिघी प्रवासी जीपमध्ये चढल्या. समोर बसलेल्या एका माणसानं त्यांना पाहून मोबाईल खिशात टाकला. कदाचित त्याचं बोलणं संपलं असेल.

"यानं पाह्यला असंन का वो?" वर्षाराणीनं हळूच विचारलं.

"माईत नाई," चतुराबाई म्हणाली. त्या माणसावरची नजर तिनं काढली नाही.

"कुठं उतरनार?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

वर्षाराणीच्या आधी रुखमाबाईच म्हणाली, "ठाण्यापाशी."