आत्याने घासलेलं पदक

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आत्या देवाची चांदीची भांडी रांगोळीने घासते. त्यांतच पणजोबांचं पदकही असतं. प्लेगच्या साथीत पणजोबा रोग्यांच्या छावणीत राहिले, कित्येकांना स्वतःच्या हाताने पाणी पाजलं, म्हणून इंग्रज सरकारने दिलेलं. असं पदक आता क्वचितच पाहायला मिळतं. आमच्याकडे ते दसऱ्याला पाटावर विळी, कात्री आणि अडकित्त्याशेजारी पूजेला बसतं.

यंदा मी ते हातात घेतलं आणि हबकलोच. त्यावरच्या इंग्रज बादशहाचा चेहरा पार गुळगुळीत! नाक नाही, दाढी नाही. साम्राज्य कसं गेलं ते मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या घरातून मात्र ते चिमूट चिमूट रांगोळीने गेलं होतं.

"आत्या, अगं, जुन्या वस्तू अशा घासायच्या नसतात."

"मग काय, काळंकुट्ट पूजेत ठेवू?"

मी पदक उलटं केलं. मागे कोरलेलं पणजोबांचं नाव जसंच्या तसं होतं, अक्षरांच्या खाचांत काळपटपणासुद्धा तसाच.

"ही बाजू नाही घासलीस?"

"तिथे नुसता ओला हात फिरवते," आत्या म्हणाली. "रांगोळी खरखरीत असते रे. आजोबांना टोचेल ना."