जज्जचाचांचा चहा

इब्राहीमचाचांना जेद्दाच्या शराफिया वस्तीत सगळे 'जज्ज' म्हणत. नेमणूक कुणी केली नव्हती, पगार नव्हता, निवृत्तीचं वयही नव्हतं. आठवडाभर ते एका दुकानात पडदे शिवत आणि शुक्रवारी नमाजनंतर आमच्या खोलीत रत्नागिरीकरांची भांडणं मिटवत. शिक्षा एकच. चुकेल त्याने सगळ्यांना चहा करायचा, समोरच्याने तो प्यायचा, की विषय खलास. अर्ध्या जेद्दाची डोकी त्या चहाने थंड झाली होती.

अलीचा खटला २००५ सालचा. तो गावाहून रजेवरून परतताना आमच्यातल्याच अरीबच्या आईने लेकासाठी त्याच्याकडे डिंकाचे लाडू दिले होते. अरीबला ते मिळालेच नाहीत.

"चाचा, लाडवांत खसखस होती," अली म्हणाला. "मुंबईच्या विमानतळावरच टाकले. इथं पकडलं असतं तर मी आत गेलो असतो."

खसखशीला सौदीत बंदी, हे आम्हाला पाठ होतं. पण अरीब उसळला, "माझी आय तुला तुरुंगात घालील काय?"

चाचांनी गावाला फोन लावायला हवा होता. पण एखाद्याच्या आईची कसली उलटतपासणी करायची, म्हणून लाडू अलीनेच खाल्ले असं धरून त्यांनी त्यालाच खोटारडा ठरवलं. अलीने निमूट चहा केला, पहिला कप चाचांपुढे धरला.

"चोराच्या हातचा मी पीत नाय," चाचा म्हणाले. मग कुणीच प्यायलं नाही. थोड्याच दिवसांत अली काम बदलून दूर दक्षिणेला, जिझानला गेला.

पुढच्या वर्षी चाचा रजेवर गेले. परत निघताना त्यांच्या बायकोने, मासूमाचाचीने, डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे केला.

"अरीबच्या आयनं शिकवलेत. ती खसखस भाजून घालते, म्हणून चव येते."

चाचा जेद्दाला आले ते तोंड लपवत. "मेल्याहून मेल्यासारखं झालंय रे," एवढंच कसंबसं बोलले. कुणी 'जज्जसाहेब' म्हटलं की मान खाली जाई. फोनवर माफी मागा, मी म्हटलं. "चोर सगळ्यांसमोर म्हटलं मी," ते म्हणाले आणि जिझानच्या बसमध्ये बसले. एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही गेलो.

अलीच्या खोलीत, त्याच्या सोबत्यांसमोर, चाचांनी सगळं सांगितलं आणि स्वतः चहा केला. पहिला कप अलीपुढे धरला. मी अलीच्या जागी असतो तर तो चहा मोरीत ओतला असता. अलीने शांतपणे कप रिकामा केला. मग किटलीतला उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतून चाचांपुढे धरला.

"आता तरी माझ्या हातचा घ्याल ना, चाचा?"

चाचांनी कप तोंडाला लावला.