सातचा भोंगा

"वैनी, आजपासनं भोंगा बंद!" सुभेदार भावजींनी देवळाच्या कट्ट्यावर काठी आपटली.

"का? तुमच्या बातम्या चुकत्यात म्हणून?" मी विचारलं.

"बातम्या म्हंजे देशाचा विषय हाय!"

"आवं, देश सांभाळून आलाय न्हवं? आता दीड तास नातवंडं सांभाळा की!"

बायका हसल्या. पण हात वर करायची वेळ आली की याच बाया भावजींच्या बाजूनं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या मालिका सातलाच लागतात ना! कुंडलजवळच्या आमच्या या गावात रोज संध्याकाळी सातला देवळावर भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद. तो भोंगा गावाच्या मागं लागून मी सुरू करायला लावला. आणि त्या संध्याकाळी तो राहतो की जातो, ते ठरवायला गाव जमलं होतं.

पोरं आणि टीव्ही यांचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर बाकीचे मागून ढकलाढकली करतात. मी शाळा पाहिली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले. त्यामुळे लेकरू कुठल्याही चिठोऱ्यावरून शिकतं, हे मला कुणी समजावू नये!

*

शेजारची ऋतुजा, वय सहा. एका सकाळी तिची आई सुनीता आणि आजी यांची भाकरीवरून जुंपली. रोजचंच ते. दोघी दमून गप्प झाल्या, तेव्हा पोरीनं शांतपणे विचारलं, "आई, आता आज्जीच्या दुधात काय मिसळणार?"

सुनीता हादरली. "मिसळणार? काय बोलतीस गं?"

"मालिकेत भांडण झालं की मिसळत्यात की."

म्हातारी तेव्हापासून स्वतःचा चहा स्वतः करून पिते!

*

भावजींच्या घरी टीव्हीवरची चर्चा एवढ्या मोठ्यानं लागायची, की आमची म्हैस पान्हा चोरायची. त्यांचा नातू यश चौथीत. वर्गात बाई दुसऱ्याच पोराला पाढा विचारत होत्या आणि हा मागच्या बाकावरून ओरडत होता, "मला बोलू द्या! मला बोलू द्या!"

शेवटी बाई वैतागल्या. "बरं बाबा, बोल."

यश बुचकळ्यात पडला. "बोलायचं काय न्हाई, बाई. नुसतं 'बोलू द्या' म्हणायचं असतं."

*

आता टीव्हीच्या बाजूनंही एक सांगते. खोटं कशाला बोलू?

माझ्या अंगणात पोरांची गाण्याची स्पर्धा चालली होती. पालथ्या बादल्यांवर तीन परीक्षक, टेंभा केवढा! पिंटूची पाळी आली. पिंटू बोलताना अडखळतो, शाळेत त्याच्या नकला करतात. त्यानं आरती धरली आणि दुसऱ्याच ओळीला अडकला. म्हटलं, झालं, आता खिदळणार सगळी.

तर तिन्ही परीक्षक बादल्यांवरून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले! पिंटू अडकत अडकत शेवटच्या ओळीला पोचला, तोवर एकही खाली बसला नाही.

"हे गं कुठनं शिकलीस?" मी मधल्या परीक्षकाला, रशीद टेलरच्या सानियाला विचारलं.

"टीव्हीत असंच करत्यात, आज्जी. कुणाला जमंना झालं की उभं ऱ्हायाचं."

एवढं मोठं शहाणपण त्या डबड्यातून गाळून घेतलं कसं या पोरीनं!

*

आणि हीच सानिया मला एकदा हौदापाशी सापडली होती. काथ्यानं गाल घासत होती. कातडी सोलून रक्त यायच्या बेताला आलेली.

"अगं ए! काय चालवलंयस?"

"काळ्या पोरीला नोकरी लागत न्हाई, आज्जी. क्रीम लावल्यावर लागती. आमच्या घरात क्रीम न्हाई."

मी पदर खोचला आणि तशीच ग्रामसभेत जाऊन उभी राहिले. भोंगा आला तो त्या गालांमुळं.

*

तर त्या संध्याकाळी आमचं भांडण चालू असतानाच भोंगा वाजला. पण घरी जातंय कोण! सुनीता म्हणाली, "आक्का, तुमाला काय कळतंय टीव्हीतलं?" मी म्हटलं, "तुझ्या सासूला विचार, ती चहा का वेगळा करती!" मग तिची सासू उठली. सुनीतानं माझं वय काढलं, मी तिचं माहेर काढलं. भावजी काठी नाचवत ओरडायला लागले, "मला बोलू द्या! मला बोलू द्या!"

तेवढ्यात त्यांची नजर देवळाच्या पायऱ्यांवर गेली. गावातली सगळी पोरं तिथं ओळीनं बसली होती. यश, ऋतुजा, पिंटू, सगळी. हनुवट्या तळहातांवर, डोळे आमच्यावर. पुढच्याच पायरीवर सानिया.

"तुमी काय बघताय रं हितं?" भावजी खेकसले. "जावा घरला!"

एकही पोर हललं नाही. सानिया म्हणाली, "भोंगा झालाय न्हवं, आबा, टीव्ही बंद हाय, म्हणून आमी तुमास्नी बघतोय."