सरांचा पंखा

"आलास ते बरं झालं. हा पंखा बघ जरा."

सरांनी पेचकस माझ्या हातात दिला. माझ्या वर्गातले तिघं त्यांच्या गिरगावच्या घरात गादीवर बसले होते. एम.एस्सी.ला फिजिक्समधलं काय घ्यायचं, हे ठरवायला सरांनी चौघांना बोलावलं होतं. मलासुद्धा! आईनं तांब्यात निखारे घालून माझ्या शर्टाला इस्त्री केली होती. तोच शर्ट घालून मी स्टुलावर चढलो.

खाली थिअरीच्या गप्पा सुरू झाल्या. अणू, प्रकाश, काळ. नुसत्या कागद-पेन्सिलीनं विश्वाचा ठाव घ्यायचा. मला दुसरं काही करायचंच नव्हतं हो! लालबागच्या खोलीत, चाळीच्या कलकलाटात, माझ्या डोक्यात तेच चालायचं. वर वायर जोडत होतो, कान खाली होते. पंखा फिरला. वारा त्या तिघांना लागला.

उतरलो, तर सरांच्या पत्नीनं स्टूल धुवायला नेलं. माझ्यादेखत.

तरी बोललो. "सर, मलाही थिअरी घ्यायचीय."

सर हसले. रागावले असते तर परवडलं असतं. "अरे, थिअरीला घरात पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास लागतो. तुम्हा लोकांचे हात सोन्याचे. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लाग, मी शब्द टाकतो."

आदल्या संध्याकाळी परळच्या सभेत हेच सर माईकवर गरजले होते, "गिरणगाव काय, गिरगाव काय, आपण सगळे एक! मुंबई आपली!" घोषणा देऊन माझा घसा बसला होता. मुंबई आपली. आणि ही गादी कुणाची, सर?

विचारलं नाही. तेवढ्यात सर म्हणाले, "जाता जाता जिन्यातला दिवाही बघ."

माझं डोकंच फिरलं. पेचकस नेऊन त्या तिघांच्या मधोमध गादीवर ठेवला.

"दिवा यांच्याकडून करून घ्या. मी थिअरी घेणार."

बाबा गिरणीतून आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी डबा मोरीत ठेवला. मग म्हणाले, "ह्या शिकान पोट भरतला रे?"

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? सरांना दुखवून पुढे मला कोण विचारणार होतं?

सोमवारी कॉलेजात जाऊन अर्ज भरला. विषय लिहिला थिअरीच. नापास व्हायचंच असेल तर पेपर लिहून होईन. कुणाच्या स्टुलावर चढून नाही.