आर्लीन कांगसची मोजणी

आर्लीन कांगस आम्हाला पळायला शिकवायची, पण तिला पळताना बघून कुणाला पळावंसं वाटलं असतं असं काही मी म्हणणार नाही. वय सहासष्ट, बुटकी, पाय जरा फेंगडे, डोक्यावर शाळेच्या बसचालकांची पिवळी टोपी. सगळ्यांच्या मागून, बूट घासत, चुलीवर काही ठेवलेलं नाही आणि घरी कुणी वाट बघत नाही अशा चालीने ती यायची. बँकेतल्या गॉर्डनने एकदा तिला विचारलं, "कोच, तुम्ही पुढे नको का राहायला?"

"पुढे काय आहे ते सगळ्यांना दिसतंय," ती म्हणाली. "मागे कोण आहे ते कोण बघणार?"

आमच्या डुलुथ शहरात तिने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डासाठी देणग्या मिळवणाऱ्या तुकडीची ती कोच झाली. आमच्यासारख्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणग्या मिळवायच्या आणि जूनमध्ये तळ्याकाठची अर्धी मॅरेथॉन, म्हणजे तेरा मैल, पळून दाखवायची. प्रत्येकाच्या पाठीवर वॉर्डातल्या एका मुलाचं नाव. तुकडीत सगळे आयुष्यात कधी न पळालेले. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. एकावन्न वर्षांत मी कशाच्याच मागे धावले नव्हते, नवऱ्याच्या तर नाहीच.

दर शनिवारी सकाळी सात वाजता चर्चच्या पार्किंगमध्ये जमायचं. आर्लीन हातात कागदाची गुंडाळी घेऊन यायची आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ती टेकवत मोजायची. एक, दोन, तीन. तेवीस डोकी भरली की "चला" म्हणायची, आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायची. पहिल्या दिवशी गॉर्डन फणकारला.

"कोच, मी छप्पन्न वर्षांचा आहे हो!"

"असशील. मोजताना एकच धरते."

तिचं शिकवणंही एवढंच होतं. पळताना बोलत राहा. धाप लागली तर हळू हो, रडू आलं तर अजून हळू हो, पण बोलणं सोडू नकोस. पायात गोळा आला की ती खिशातून काळी खारट गोळी काढून द्यायची. तिच्या फिनलंडच्या आजीच्या घराण्यात म्हणे ती गोळी सगळ्या दुखण्यांवर चालायची. चव अशी, की पुढच्या वेळी गोळा आला तरी माणूस गप्प बसेल. तीच गोळी ती स्वतः आवडीने चघळायची, तेव्हा या बाईच्या पोटात नक्की काय आहे असा मला प्रश्न पडायचा.

मोजणीचं कारण मला एप्रिलमध्ये कळलं. तळ्यावरून बोचरा वारा येत होता, आम्ही दोघी मागे रेंगाळत होतो, आणि बोलत राहायचा नियम असल्यामुळे मी विचारलं. तिच्या नोकरीचा पहिला हिवाळा. शेवटची फेरी संपली, बस डेपोत लावली, ती खाली उतरली. बाहेर पारा शून्याखाली अठ्ठावीस. निम्म्या वाटेत आठवलं की जेवणाचा डबा बसमध्येच राहिला. परत गेली, तर मागच्या बाकाखाली बालवाडीतली एक मुलगी कोटात मुटकुळं करून झोपलेली.

"डबा विसरले म्हणून," आर्लीन म्हणाली. "त्या दिवशी मी डबा विसरले नसते तर?"

त्यानंतर चौतीस वर्षं ती रोज शेवटच्या बाकापर्यंत जाऊन खाली वाकून बघायची आणि मगच काचेवर "बस रिकामी" अशी पाटी लावायची. मी गप्प झाले. "बोल की गं, डेनिस," ती म्हणाली, "नियम आहे."

माझ्या पाठीवर टेसाचं नाव होतं. टेसा नऊ वर्षांची, माझ्याबरोबर भांडी घासणाऱ्या कॅरनची मुलगी. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण तेव्हा चार महिने वॉर्डात पडून होती, डोक्यावर केस नव्हते आणि जिभेला मात्र चांगली धार होती. पलंगाशेजारच्या भिंतीवर तिने तेरा चौकोनांचा तक्ता लावला होता. मी सरावात जितके मैल गाठीन तितके चौकोन पेन्सिलीने भरायचे, आणि शर्यत पुरी केली की सगळे रंगवायचे. "डेनिसमावशी, गेल्या आठवड्यात नुसते सहाच? मी सलाइन लावून जास्त चालते," असं ती मला सुनवायची. शर्यतीच्या दिवशी हॉस्पिटलच्या संगणकावर पोचलेल्यांच्या यादीत माझं नाव ती स्वतः बघणार होती. मला बाकी कुणाची भीती नव्हती. त्या पोरीच्या तक्त्याची होती.

आणि नेमकं शर्यतीत आठव्या मैलाला घोडं अडलं. त्या दिवशी आर्लीन मागे नव्हती, डोकी मोजायला शेवटच्या रेषेपाशी थांबली होती. पोटरीत असा गोळा आला की मी बसथांब्याच्या बाकावर बसलेच. शेजारून माणसं जात होती. कुणी बदकाचा वेश केला होता. तोही मला टाकून गेला. मला स्वतःचा संताप आला. मी आयुष्यात विणायला घेतलेले तीन स्वेटर अर्धे पडलेत, रात्रशाळा अर्धी पडलीय, आणि आता हेही. तेवढ्यात आमच्या तुकडीतली बेव्ह आली.

"उठ गं!"

"नाही जमत. बेव्ह, एक काम कर." मी बुटाच्या नाडीची चिप सोडली. तिकडे शेवटच्या रेषेवरच्या चटईवर चिप गेली की यंत्रात नाव आणि वेळ उमटते, पाय कुणाचा ते यंत्र बघत नाही. "ही घेऊन जा. टेसाला नाव दिसू दे. मी बसने घरी जाते."

बेव्ह भोळी बाई. डोळे पुसत चिप घेऊन गेली. शर्यतीमुळे बस बंद आहेत हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी तिथेच बसून राहिले. गोळा केव्हाच उतरला होता, पण मी उठले नाही. पोरं रस्ता बंद करायला ठेवलेले शंकू उचलायला लागली. आणि मग उलट्या दिशेने, बूट घासत, एक पिवळी टोपी येताना दिसली.

आर्लीन माझ्या शेजारी बसली. संत्रं काढून सोलायला लागली.

"अभिनंदन," ती म्हणाली. "यादीत तुझं नाव आहे. दोन तास एकेचाळीस मिनिटं. तुझ्या पायांना न शोभणारी वेळ आहे."

"बेव्हने सांगितलं?"

"बेव्ह माझ्या नजरेला नजर देईना. यादीत तेवीस आहेत. सगळे म्हणाले, कोच, झालं, चला आता सूप प्यायला."

"यादीत तेवीस आहेत, मग आलात कशाला?"

"तुझ्या डोक्यावर गुंडाळी टेकली नव्हती," ती म्हणाली. जणू मी काहीतरी अगदी बावळट विचारलं होतं.

मग मला रडू फुटलं. मी टेसाबद्दल सांगितलं, तक्त्याबद्दल सांगितलं, तीन स्वेटरांबद्दलसुद्धा. ती संत्रं खात ऐकत होती.

"पाय गेलाय का?"

"गोळा आला होता."

"आता आहे?"

"नाही."

"मग?"

तिने काळी गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. मी निमूटपणे तोंडात टाकली आणि उठले.

पाच मैल आम्ही चाललो. पदपथावरून, कारण रस्ता वाहनांना मोकळा झाला होता. ती मला बोलायला लावत होती आणि मी वेड्यासारखी शाळेच्या गाजरांबद्दल बोलत होते. ती पाच मैल उलट्या दिशेने चालत आली होती हे तिच्या डाव्या गुडघ्यावरून मला दिसत होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "गुडघ्याचं गुडघा बघेल. तू गाजरांचं बोल."

रेषेपाशी हवेने फुगवलेली कमान खाली पडून चुरगळली होती आणि दोन माणसं चटई गुंडाळत होती. पण आमचे बावीसजण पळून आलेल्यांना उबेसाठी देतात त्या चंदेरी कागदात गुरफटून तळ्यावरच्या गार वाऱ्यात उभे होते. आर्लीन रेषेच्या वीस पावलं अलीकडे बाजूला झाली. ती रेषा पळणाऱ्यांची, कोचने ती ओलांडायची नाही, असं तिचं होतं. मी एकटी पलीकडे गेले. ती बाजूने वळसा घालून आली, माझ्या डोक्यावर गुंडाळी टेकवली, म्हणाली, "तेवीस." आणि लगेच वेळ नोंदणाऱ्या माणसाकडे जाऊन माझं नाव यादीतून काढायला सांगितलं.

"कोच, राहू द्या ना! कुणाचं काय बिघडतं?" मी भांडलेच.

"ती दोन तास एकेचाळीसवाली कोण ते मला माहीत नाही. मी तिला शिकवलेलं नाही. जिला शिकवलं ती आत्ता आली."

त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून वॉर्डात गेले. टेसाने यादी तीनदा बघितली होती आणि तिला माझं नाव सापडलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, चिपसकट. तिने मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हाच मी घाबरले.

"कोच गाडीने आली शोधायला?" तिने विचारलं.

"चालत. पाच मैल. आणि पाच परत."

टेसाने रंग काढले. आठ चौकोन निळे केले. उरलेल्या पाचांतल्या प्रत्येकाचा अर्धा भाग निळा आणि अर्धा पिवळा केला, टोपीचा पिवळा.

"आणि ती पोचली?"

"कोण?"

"कोच. तिला कोण मोजतं?"

चौतीस वर्षं बस आणि त्यावर अकरा वर्षं आमच्यासारख्या तुकड्या, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी चर्चच्या पार्किंगमध्ये निरोपाचे पॅनकेक होते. सवयीने तिने मोजायला सुरुवात केली. माझ्या डोक्यावर तेवीस झाले. मी तिच्या हातातून कागदाची गुंडाळी काढून घेतली आणि तिच्या पिवळ्या टोपीवर टेकवली.

"चोवीस," मी म्हटलं.

आर्लीनने टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. मग म्हणाली, "चला, पॅनकेक गार होतायत," आणि पहिल्यांदाच आमच्या पुढे चालायला लागली.