मांजरीला जाताना आपली सोसायटी कोणती ते सांगा

हडपसरपलीकडच्या मांजरीला लोक उसाचा रस प्यायला जातात, मी मीटिंगला गेले. सुनंदाताईंचा फोन आला होता, "बाई, तुमी नुस्त्या शेजारी बसा, मला धीर यील."

आमची मैत्री दवाखान्याच्या बाकावरची. ताई पूर्वी मांजरी ग्रामपंचायतीच्या सदस्य. गाव महापालिकेत गेलं, पंचायत बरखास्त झाली आणि नगरसेवकाचा अजून पत्ता नाही. परिसराच्या नावानं आता बोलतो तो टॉवरवाल्यांचा सोसायटी महासंघ. त्याला गावठाणाच्या रस्त्यावर गेट हवं होतं, सुरक्षिततेसाठी; मीटिंग त्याचीच. ताईंचे यजमान त्याच रस्त्यानं रिक्षातून डायलिसिसला जातात. दुसरी वाट बोळातली, तिथं रिक्षा शिरत नाही.

माझ्या घरून, कसब्यातून, चालत मनपाचा बसथांबा, तिथून बसनं हडपसर गाडीतळ, मग मांजरीची बस. जाणार असाल तर सकाळीच निघा; गाडीतळावर माणूस नुसता तुंबतो. ताईंकडे पिठलं-भाकरी झाली, दोघींनाही फारशी गेली नाही.

मीटिंग क्लबहाउसात, एसी लावून. ताई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"आपली सोसायटी कोणती?" अध्यक्षांनी नम्रपणे विचारलं.

"आमचं गावठाण हाय."

"मग आपण सभासद नाही. एका सोसायटीला एक मत, असा नियम आहे."

"मग आमी सांगायचं कुनाला?"

"अहो, तुमची ग्रामपंचायत आहे ना!"

वा! ज्या परिसराचे प्रतिनिधी, तिथली पंचायत गेल्याचंही साहेबांना ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणाले, तर मलाही सोसायटी विचारली.

ग्रामसभेत जो हजर, त्याचा हात मोजायचा, ही ताईंची सवय. 'विरोधात कोण' म्हणताच त्यांनी हात वर केला. मोजणाऱ्यानं तो ओलांडून मागच्या रांगेकडे पाहिलं. हात बराच वेळ वर होता. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो. रस्ता सार्वजनिक आहे, हे तिथल्या साहेबांना मान्य होतं. "पण नागरिकांची तक्रार महासंघामार्फत आणा," म्हणाले.

कसब्यात परतले. ओळखीच्या दोन-चार जणांना फोन केले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पुण्यात ती मुबलक मिळते.

काल ताईंचा फोन आला. गेट लागलंय. डायलिसिसहून परतताना वॉचमननं रिक्षा अडवली आणि व्हिजिटर म्हणून नाव विचारलं.

"कुनाकडं जायचंय म्हनला. ह्यांना बोलवत नव्हतं, मीच सांगितलं, घरी."

"मग?"

"म्हनला, घरच्यांना फोन करून विचारतो."